प्लग काढून बघितला का?

रस्त्याच्या कडेला किक मारमारून घामाघूम झालेला माणूस दिसला की आपल्याकडे कुणी ना कुणी थांबतंच. तो स्वतःची गाडी साइड स्टँडवर लावतो, कमरेवर हात ठेवतो आणि विचारतो, "प्लग काढून बघितला का?" विचारणारा मेकॅनिकच असतो असं नाही. विमा एजंट असेल, सत्यनारायण आटोपून निघालेला भटजी असेल, नाहीतर द्राक्षबागेवर फवारणी करून घरी चाललेला कुणी असेल.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी हा प्रश्न मला पाच वेळा विचारला गेला. तोही नाशकातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि गाडी होती नऊ दिवसांची.

त्रेचाळिसाव्या वर्षी डर्ट बाइक घेण्यावाचून काय अडलं होतं, हा बायकोचा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. (तिनेही ठेवावा.) गाडी 125 सीसीची, कार्ब्युरेटरवाली. हेडलाइट नाही, आरसे नाहीत, नंबर प्लेट नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही. माळावर न्यायची तर छोटा हत्ती भाड्याने घ्यायचा आणि त्यात ही दोरखंडाने बांधायची. पहिल्या रविवारी छोटा हत्तीवाल्याने दांडी मारली. गाडी राहिली पार्किंगमध्ये.

नवी गाडी म्हटल्यावर बघायला लोक येणारच. मेहुणा आला, ऑफिसातले दोघे आले, वरच्या मजल्यावरची मुलं तर रोजच. प्रत्येकासाठी मी चोक ओढायचो, म्हणजे थंड इंजिनाला हवेच्या मानाने जास्तीचं पेट्रोल द्यायचो, सेल्फ मारायचो, दोनदा घुर्रर्र करून दाखवायचो आणि सेक्रेटरीची खिडकी उघडायच्या आत बंद करायचो. कांदेपोहे तेवढे ठेवायचे राहिले होते.

नवव्या दिवशी, दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वासातला ती चालू होईना. पारा दहाच्या खाली. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. मग किक. या गाडीला बॅटरी बसली तरी किकवर ठिणगी मिळते, पण किक मारणाऱ्याची बॅटरी बसली तर काय करायचं याची सोय कंपनीने केलेली नाही.

सल्ले सुरू झाले. वॉचमन म्हणाला, पेट्रोलचा कॉक बघा. उघडा होता. एकाने हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण दोनदा खालीवर केलं. त्याच बटणापायी चांगली चांगली माणसं अर्धा अर्धा तास किक मारतात, पण तेही जागेवर होतं. एका काकांनी गाडी डावीकडे तिरपी करायला सांगितली. जुन्या स्कूटरवर वाढलेल्या पिढीला कुठलीही गाडी बंद पडली की ती आधी तिरपी करावीशी वाटते. केली. काही झालं नाही, फक्त पेट्रोलचा वास सुटला.

एवढ्यात मफलर गुंडाळून अण्णा खाली आले.

माझ्या वडिलांनी बावीस वर्षं टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, ते जळताना काजळी धरायची आणि इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग शॉर्ट व्हायचा, हे त्या जमान्यातल्या सगळ्याच टू-स्ट्रोकवाल्यांचं नशीब. लग्नाला जाताना अण्णांच्या एका खिशात अहेराचं पाकीट असायचं आणि दुसऱ्या खिशात चिंधीत गुंडाळलेला प्लग.

"चोक किती वेळ ओढून ठेवला होतास?" त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी प्लग पाना मागितला. घरातला स्कूटरचा पाना या गाडीला भलताच मोठा झाला. जुन्या प्लगचे आटे चौदा मिलिमीटरचे, याचे दहाचे. गाडीसोबत आलेला पाना शोधून प्लग बाहेर काढला, तेव्हा अण्णा तो चिमटीत धरून म्हणाले, "एवढासा?" बाहेरगावी शिकायला गेलेला नातू वाळून परत आला की त्यांचा असाच सूर लागतो.

प्लगचं टोक चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं काळं झालं होतं. त्यावर मखमलीसारखी काजळी, आणि वरून पेट्रोलची ओल. आतला पांढरा चिनी मातीचा भाग तर दिसतच नव्हता. अण्णांनी तो नाकाशी नेला. "पेट्रोल येतंय. जळत नाहीये."

इंजिनाच्या बंद पोटात काय चाललंय ते बाहेर येऊन सांगणारा प्लग हा एकच फुटीर. नीट भाजलेल्या कणकेसारखा रंग असेल तर सगळं ठीक. पांढराफटक पडला असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त. ओला असेल तर ठिणगीच पडत नाही, नाहीतर पेट्रोलचा पूर आलाय. आमचा काळाही होता आणि ओलाही.

कॅपमध्ये प्लग बसवून, भोकापासून लांब, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवलं आणि किक मारली. बारीकशी नारिंगी ठिणगी उडाली. "करंट आहे!" मी ओरडलो.

"बाहेर आहे," अण्णा म्हणाले.

हे मला त्रेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरमध्ये उडेलच असं नाही. आत हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलेलं असतं, प्लगच्या टोकाची तेवढीच फट ओलांडायला तिथे किती तरी जास्त व्होल्ट लागतात. त्यात काजळी वीज वाहून नेते. करंट मुळात आळशी. फटीवरून उडी मारण्यापेक्षा काजळीवरून घसरत उतरणं त्याला सोपं.

"चालवलीस किती?" अण्णांनी विचारलं.

"चालवली नाही. चालू करून दाखवली."

यावर ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. प्लगचं टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलं की त्यावरची काजळी त्याची तोच जाळून टाकतो. चोक ओढून अर्ध्या मिनिटात बंद केलेल्या इंजिनात तो तिथवर पोचतच नाही. नऊ दिवस मी लोकांना गाडी दाखवत नव्हतो, प्लगला काजळ घालत होतो.

"जा, मायकोचा आण," अण्णा म्हणाले. त्यांच्या पिढीला प्लग म्हणजे मायको. ती कंपनी 2008 पासून बॉश झाली, हे त्यांना मान्य नाही. त्र्यंबक रोडवर मायको सर्कल अजून आहे, हा त्यांचा पुरावा. गंमत म्हणजे सातपूरच्या त्या कारखान्याची ओळख डिझेल इंजिनाच्या नोझल-इंजेक्टरची, आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागतच नाही.

दुकानदाराने नाव नाही, नंबर विचारला. सीआर7एचएसए, एनजीके कंपनीचा. सी म्हणजे दहा मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, सात हा उष्णतेचा आकडा, एच म्हणजे 12.7 मिलिमीटर लांबी. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा; बॉशमध्ये आकडा वाढला की गरम, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा. दोघांची पंचांगं वेगळी, त्यामुळे नुसता आकडा जुळवून प्लग घेऊ नये.

घरी येईपर्यंत अण्णांनी हत्यारांच्या डब्यातून हॅकसॉचं तुटकं पातं काढून ठेवलं होतं. पुस्तिकेत फट 0.6 ते 0.7 मिलिमीटर लिहिलेली, आणि पात्याची जाडी जेमतेम 0.65. त्यांनी ते फटीतून अलगद ओढलं, किंचित अडकलं, आणि मान हलवली. प्लग पान्याने बसवू दिला नाही. आधी नुसत्या बोटांनी, शेवटपर्यंत. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की प्लगच्या किमतीचं काम हेडच्या किमतीवर जातं. वॉशर टेकल्यावर पान्याने पाव-अर्धा फेरा, बास.

चोक बंद. आतलं साचलेलं पेट्रोल निघून जावं म्हणून अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक. एक, दोन. तिसरीला ती खोकली, चौथीला पेटली, आणि वर खिडकी उघडली.

मी बंद करायला हात नेला तर अण्णांनी मनगट धरलं. "तापू दे." सेक्रेटरी वरून काय म्हणाले ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

पुढच्या रविवारी छोटा हत्ती आला. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसले. निघताना त्यांनी स्वेटरच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपलं. जुना प्लग त्यांनी दात घासायच्या ब्रशने पेट्रोलमध्ये धुऊन, चिंधीत गुंडाळून घेतला होता.