हाइड पार्क : संग्रहालय पाहावेच, पण शेवटच्या आठ किलोमीटरची सोय आधी करावी

न्यूयॉर्क शहराहून उत्तरेच्या हाइड पार्क गावी जाऊन अमेरिकेचे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ग्रंथालय आणि संग्रहालय पाहणे आगगाडीने अगदी सोपे आहे, असे आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितले ते सगळे स्वतःच्या मोटारीने गेलेले होते, हे आम्हाला परत आल्यावर कळले. नकाशाही त्यांच्याच बाजूने बोलतो, कारण हडसन नदीच्या काठी 'हाइड पार्क स्टेशन' ठळकपणे दाखवलेले असते. प्रत्यक्षात ती इमारत आता रेल्वेचे एक लहानसे संग्रहालय आहे, गाड्या तिच्या समोरून निघून जातात आणि एकही थांबत नाही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून येणारी मेट्रो-नॉर्थ या उपनगरी रेल्वेची गाडी पकिप्सी या शहरात संपते आणि तिथून रूझवेल्ट यांचे घर साधारण सात-आठ किलोमीटर दूर आहे. गाडीचा प्रवास छान आहे, जाताना डाव्या बाजूला बसावे म्हणजे नदी दिसते, एवढे सांगितले की पुरे.

खरी अडचण या सात-आठ किलोमीटरची आहे. पकिप्सी स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याने मीटरचे नावही न काढता जो आकडा सांगितला, तो दोघांच्या मिळून झालेल्या रेल्वेभाड्याच्या जवळ जाणारा होता, आणि घासाघीस केल्यावर त्याने दुसरे गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. जाताना निदान टॅक्सी मिळते. परतताना ॲपवर बराच वेळ एकही गाडी येईना, म्हणून आम्ही ९ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे चालू लागलो. उन्हाळ्याची दुपार, सावली नाही, मध्येच पदपथ संपतो आणि कडेच्या गवतातून चालावे लागते, शेजारून मोटारी सुसाट जातात. ज्यांना सिंहगड चढायची सवय आहे त्यांना अंतर मुळीच जड जाणार नाही, पण रस्ताच चालण्यासाठी केलेला नाही. पाककलेच्या प्रसिद्ध संस्थेच्या फाटकापाशी अखेर टॅक्सी मिळाली. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे : चौघे असाल तर मोटार भाड्याने घ्या, आणि टॅक्सीनेच जाणार असाल तर परतीची वेळ व भाडे गाडीतून उतरण्यापूर्वी ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट तिकिटाची. घर राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि संग्रहालय राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, त्यामुळे एकाच आवारात दोन वेगवेगळे कारभार चालतात. आम्ही गेलो तेव्हा घर मार्गदर्शकाबरोबर आणि ठरलेल्या वेळीच पाहता येत होते, म्हणून आधी घराची वेळ पक्की करावी आणि उरलेला सगळा वेळ संग्रहालयाला द्यावा. १९२१ सालच्या आजाराने पाय लुळे पडल्यावर रूझवेल्ट स्वतः दोर ओढून जिच्यातून वरच्या मजल्यावर जात, ती सामानाची अरुंद लिफ्ट घरात अवश्य पाहा. ती पाहिल्यावरच संग्रहालयातील १९३६ ची फोर्ड मोटार, जी ते केवळ हातांनी चालवत, नीट समजते.

ग्रंथालय या शब्दावरून वाचनालयाची कल्पना मात्र करू नये. कागदपत्रे संशोधकांसाठी आहेत, आणि सामान्य पाहुण्यांसाठी आहे ते संग्रहालय. रूझवेल्ट यांच्यापूर्वी अध्यक्षांचे कागद ही त्यांची खासगी मालमत्ता समजली जात असे; ते कुटुंबाकडे जात, विखुरत, कधी नष्टही होत. रूझवेल्ट यांनी आपले कागद आणि घराजवळची जमीन सरकारला दिली, देणग्यांतून दगडी इमारत उभी राहिली, आणि १९४१ मध्ये ती लोकांसाठी उघडली, तेव्हा ते अजून अध्यक्ष होते. स्वतःच्या ग्रंथालयात अध्यक्ष म्हणून काम केलेले ते एकटेच, आणि त्यांची ती अभ्यासिका पाहायला मिळते. १९३०च्या दशकातली महामंदी आणि तिच्यावर उपाय म्हणून रूझवेल्ट यांनी राबवलेला 'न्यू डील' कार्यक्रम यांची दालने उत्तम आहेत. जपानी वंशाच्या अमेरिकनांना १९४२ मध्ये छावण्यांत डांबण्याच्या आदेशाचा विषयही टाळलेला नाही, हे मला विशेष आवडले.

भारतीय पाहुण्याची मात्र निराशा होते. १ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिले होते, आणि त्यानंतर सहाच आठवड्यांच्या आत मुंबईच्या गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. ही पार्श्वभूमी मनात घेऊन मी दालने धुंडाळली, पण भारताबद्दल मला जवळपास काहीच दिसले नाही. ज्यांना तेच पाहायचे आहे त्यांनी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील डिजिटल कागदपत्रे घरी बसून चाळावीत, त्यासाठी एवढी पायपीट करू नये.

गुलाबाच्या बागेतील रूझवेल्ट यांची समाधी दहा मिनिटांत पाहून होते. वॅल-किल हे रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांचे साधे घर तीनेक किलोमीटरवर आहे. मोटार असेल तरच तिकडे वळा. जवळचाच व्हँडरबिल्ट या धनाढ्य घराण्याचा महाल आम्ही वगळला, आणि ज्यांना संध्याकाळची गाडी गाठायची आहे त्यांनीही तो वगळावा.