जुन्या पीसीसाठी लॅमिंग्टन रोडची एक फेरी

जुन्या पीसीचे भाग घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात, निघालो होतो. पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन पकडली, तेव्हा सॅकमध्ये जुन्या पीसीतून काढलेली चार जीबीची रॅम होती आणि फोनमध्ये कॅबिनेटच्या आतले सात-आठ फोटो. मदरबोर्डचा नंबर, एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं स्टिकर, ग्राफिक्स कार्डासाठी मोजलेली मोकळी जागा, सगळं त्यात होतं. असल्या फेरीला कोणी निघणार असेल तर फोटो काढल्याशिवाय निघू नका. दुकानात उभं राहून आठवत बसलात की समोरचा म्हणेल ते घेऊन परत याल.

पीसी २०१५ मध्ये मी असेंबल करून घेतलेला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय फाइव्ह ४५९० प्रोसेसर, एच ८१ चिपसेटचा मदरबोर्ड, एक टीबीची हार्ड डिस्क, जीटीएक्स ७५० टीआय कार्ड. आता तो भाच्याकडे असतो. अकरावीतलं पोरगं, अभ्यास सांभाळून रात्री तासभर जीटीए फाइव्ह हा गेम खेळतं. गाडी जोरात नेली की चित्र अडकायचं, रस्ता गायब व्हायचा आणि दोन सेकंदांनी परत उगवायचा. "मामा, ग्राफिक्स कार्डच बदलूया ना," असं त्याचं दिवाळीपासून चाललं होतं. मलाही तेच वाटत होतं.

पण निघण्याआधीच्या रविवारी आम्ही दोघांनी बसून मोजमाप केलं, आणि पुढचे सगळे पैसे त्यामुळेच योग्य जागी गेले. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर लावलं की खेळतानाच स्क्रीनच्या कोपऱ्यात सगळे आकडे दिसतात. कार्ड ५५ ते ६० टक्केच काम करत होतं. म्हणजे बिचारं वाट बघत बसलेलं! रॅम काठोकाठ भरलेली, हार्ड डिस्क टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्क्यांवर, आणि अर्ध्या तासात प्रोसेसर ९८ अंशांवर. एवढा तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आमचा साडेतीन गिगाहर्ट्झवरून अडीचच्याही खाली येत होता. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तरच कार्ड कमी पडतंय असं समजा. नसेल तर नवं कार्डही तसंच वाट बघत बसणार.

त्यामुळे पहिलं काम घरातच झालं. प्रोसेसरवरचा पंखा काढला. चारही पिना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या, जोर लावायचा नाही. खाली प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. पंख्याखालच्या धातूच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा इतका जाड थर की हवा जायला फटच उरली नव्हती. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी मटाराच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली, पंखा परत बसवला. तेच मिशन, तेवढाच वेळ खेळलो, तर तापमान ७१. अडीचशे रुपयांची ट्यूब. एवढ्यानेच खेळ बराच सुधारला, पण अडकणं राहिलंच. ते रॅमचं आणि डिस्कचं दुखणं होतं.

आता मुंबईचं. दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि वेस्टर्नची चर्चगेट स्लो पकडायची. फास्टमध्ये चढू नका, ग्रँट रोडला थांबणार नाही. स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की थोडं चालून लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आणि अकराच्या आधी पोहोचून उपयोग नाही, शटर वर जात असतात. मला वाटतं मंगळवार-बुधवार उत्तम, दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

रॅमच्या बाबतीत माझी फसगत झाली, ती सविस्तर सांगतो. एच ८१ बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि जास्तीत जास्त १६ जीबी चालते. मला आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर थ्री, म्हणजे या बोर्डाला लागणाऱ्या जुन्या प्रकारच्या पट्ट्या हव्या होत्या. एकाऐवजी दोन लावल्या की ड्युअल चॅनल चालू होतं आणि प्रोसेसरला डेटा दुप्पट रुंद वाटेने मिळतो. एका दुकानात भाव बराच कमी सांगितला. त्याने समोर लावून दाखवली, पीसी चालू झाला, मी पैसे दिले. नंतर दुसऱ्या एका दुकानात कार्ड बघताना तिथल्या टेस्ट बेंचवर, म्हणजे माल तपासायच्या टेबलावर एच ८१ चाच बोर्ड दिसला, म्हणून म्हटलं, जरा ही रॅम लावून बघता का? स्क्रीन काळीच. दुसरी पट्टी, तरीही काळी. त्या दुकानातल्या काकांनी पट्टी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "ही फक्त एएमडीवर चालते. पहिल्याने एएमडीच्या बोर्डावर दाखवली असणार." अशा स्वस्त डीडीआर थ्री पट्ट्या बाजारात येतात आणि इंटेलच्या बोर्डावर त्या चालूच होत नाहीत. एएमडी म्हणजे इंटेलची स्पर्धक प्रोसेसर कंपनी. पहिल्या दुकानात परत गेलो, अर्धा तास हुज्जत घातली, बिल हातात होतं म्हणून पैसे मिळाले. तेव्हा आपल्याच पिढीच्या इंटेल बोर्डावर लावून दाखवा म्हणून अडून बसा, आणि शंभर रुपये वाचवायला बिल सोडू नका. शेवटी रॅम काकांकडूनच घेतली.

हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असलेली एसएसडी मात्र नवी घेतली. सेकंड हँड एसएसडी कुणी फुकट दिली तरी त्यावर विंडोज टाकू नका, आधी किती लिहून झालंय याचा भरवसा नसतो. साधी सॅटा केबलने जोडायची पुरते. बोर्डावर सॅटाचे चार पोर्ट असले तरी एच ८१ मध्ये त्यातले दोनच ६ जीबीपीएसचे असतात, केबल त्यातच लावा.

कार्डासाठी पैसे उरले, म्हणून काकांकडेच जीटीएक्स १६५० बघितलं. ते निवडायचं कारण आमचा एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर आलेला लोकल, कार्डाला वेगळी पॉवर द्यायची वायरच नाही. १६५० पंचाहत्तर वॅटमध्ये, स्लॉटमधूनच मिळणाऱ्या विजेवर चालतं. पण काही मॉडेलना सहा पिनांचं कनेक्शन लागतं, तेव्हा कार्डाची वरची कड बघूनच घ्या. मला आधी एकाने आरएक्स ६४०० दाखवलं होतं, नवंकोरं आणि दिसायला छान. ते चारच लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर चालतं आणि एच ८१ चा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआय एक्सप्रेस २.० चा, त्यामुळे अशा जुन्या बोर्डावर त्याचा गळा आवळला जातो. आरएक्स ५७० स्वस्तात ढिगाने मिळतात, पण त्याला दीडशे वॅट लागतात आणि त्यांतली बरीच कार्डं २०२२ पर्यंत क्रिप्टो मायनिंगला रात्रंदिवस जुंपलेली होती.

सेकंड हँड कार्ड बघताना मी टॉर्च मारून स्क्रूंवर गंज किंवा ओरखडे आहेत का ते बघतो. मुंबईची हवा खारी, ब्रॅकेटवर हिरवट डाग दिसला की सोडून द्यायचं. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क हे सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवायला सांगायचं आणि कान पंख्याकडे. काकांनी स्टूल दिलं, चहा मागवला. तापमान ६९ वर स्थिर राहिलं, पंख्याची खरखर नाही, चित्रावर ठिपके नाहीत. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी त्यांनी बिलावर लिहून दिली. तोंडी वॉरंटी मानू नका.

परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५ वाजून १० मिनिटांनी. ग्रँट रोडहून आता भुयारी मेट्रोने थेट सीएसएमटी गाठता येतं, तीनच स्टेशनं आहेत.

रात्री जोडणी केली. आधी नुसती रॅम आणि एसएसडी, कार्ड जुनंच ठेवलं, कारण कशाने काय फरक पडतो ते भाच्याला दाखवायचं होतं. रस्ता गायब होणं तिथेच थांबलं. जुन्या कार्डावरही गेममधल्या शहरात सेकंदाला पन्नासच्या आसपास फ्रेम आणि एकसारख्या. नवं कार्ड लावल्यावर तेच साठच्या वर गेलं, म्हणून साठवर मर्यादा घातली. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, त्यावरच्या फ्रेम दिसतच नाहीत, नुसती उष्णता वाढते. सेटिंगमध्ये एमएसएए, म्हणजे चित्राच्या कडा गुळगुळीत करणं, बंद आणि सावल्या कमी केल्या. एवढ्या दोन गोष्टींनीही बराच फरक पडतो. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं, मात्र वर ठेवले, ते कार्डाच्या मेमरीवर असतात आणि आता ती चार जीबी आहे.

एक काम बाकी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून ठेवली आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. तोवर भाच्याची बारावी तोंडावर आलेली असेल. जुनं ७५० टीआय पुसून डब्यात ठेवलंय, शेजारच्या मुलाच्या पीसीत कार्डच नाही, त्याला येत्या शनिवारी बसवून देणार आहे.