मामा तलावाची पाळ: तीन हिवाळ्यांनी माशीमार पटला

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. भंडारा जिल्ह्यात साकोलीकडचा आमचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि पाळीवरून साजाच्या (ऐनाच्या) रानात शिरणारी गाडीवाट. सहाला पोहोचलो. हलकं धान कापून झालंय, भारी धान अजून बांध्यांत उभं आहे. दव इतकं, की दुर्बिणीची काच दोनदा पुसावी लागली.

पाळीवर थिरथिरा आणि करडा धोबी, दोघांचीही यंदाची पहिली नोंद. नवरंग पावसाळाभर इथं वीण करून दक्षिणेकडे गेला, त्याची शीळ नाही. मोहाच्या शेंड्यातून मात्र हिरवट वटवट्याचं ‘चि-वी’ चालूच होतं. हिवाळी मुक्कामातही हा एवढासा जीव आपली हद्द राखतो. गेल्या वर्षीच्याच मोहावरून आवाज आला, की घरचं माणूस परतल्यासारखं वाटतं.

वाट नाला ओलांडते तिथं कहूच्या (अर्जुनाच्या) खालच्या फांदीवर एक तपकिरी पाखरू शेपूट उचलून ‘टर्रर्र’ करत होतं. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरं, गळ्यावर लाली नाही. तीन हिवाळे अशा प्रत्येकापुढे मी ‘लाल छातीचा माशीमार’ लिहीत आलो. पण या दिवसांत टायगा माशीमारही तसाच दिसतो. पूर्वी तर दोघांना एकच जात मानत. यंदा ठरवलं होतं, पक्की खूण दिसल्याशिवाय नाव लिहायचं नाही.

वीस मिनिटं बसून राहिलो. खाली उतरून किडा टिपायचा, परत फांदीवर. पाठ काही दाखवेना. शेवटी पंख ढिले सोडून वळला. शेपटीच्या मुळावरची पिसं काळीभोर, शेपटीहूनही काळी! चोच खालूनही गडद. लाल छातीच्याची खालची चोच बुडाशी फिकी असते. टर्रर्रही कोरडी, भराभर. लाल छातीचा संथ वाजतो. टायगाच. सैबेरियाकडचा पाहुणा, आमच्या नाल्यावर.

‘‘काय पाहून राहिले जी एवढा येळ?’’ गुरं घेऊन आलेल्या काकांनी विचारलं. दुर्बीण त्यांच्या हाती दिली. ‘‘हा तं दरसाल येते. धान कापाले लागलो का याच नाल्यावर दिसते.’’

घरी येऊन जुनी वही काढली. लाल छातीच्याच्या अकरा नोंदींपुढे प्रश्नचिन्हं टाकली. त्यांतल्या दोघांचे फोटो आहेत, चोच दिसेल असे. आज रात्री ते मोठे करून पाहतो.