सात नंबरची खरखर

गणपती असो, हळद असो, माघातला हरिनाम सप्ताह असो, स्पीकरचे बॉक्स आमचेच. आणि वसईत साउंडचा धंदा म्हटल्यावर नाताळ आलाच. (शब्दही पोर्तुगीजांचाच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना इथून घालवलं, शब्द तेवढा राहिला.)

२४ डिसेंबरची ऑर्डर म्हणजे घड्याळाशी मारामारी. एरवी रात्री दहाला स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट मिळते, त्यात ही रात्र धरलेली. म्हणून मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली नाताळची उपासना, नावालाच मध्यरात्रीची, सुरू होते साडेदहाला. त्याआधी चर्चच्या पटांगणात पोरांचं येशूजन्माचं नाटुकलं.

त्या वर्षी फादरांना जिवंत गोठा हवा होता. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात खरा बैल आणि खरं गाढव उभं करून गव्हाणी मांडली होती. आपण निदान एक वासरू तरी आणू, असं त्यांचं म्हणणं. वासरू मिळालं. गव्हाणीत भाताचा पेंढा भरला आणि त्यात मी एक माइक लपवला, मरिया-योसेफचे संवाद उचलायला. साउंड मिक्सरवर चॅनल सात.

मरियाने तोंड उघडलं आणि मागून खर्र... खर्र...

गेन, म्हणजे माइकची उचल, उतरवला. खरखर कमी झाली, मरियाही कमी झाली. मग संशय केबलवर. डिसेंबरात इथे नऊनंतर असं दव पडतं की मिक्सरवर टॉवेल टाकावा लागतो; पिन ओली झाली असणार. काढली, पुसली, फुंकली, बसवली. खर्र. चॅनल बदलून आठवर घेतलं. खर्र. पोऱ्याला स्टेजमागून रांगत पाठवला, त्याने केबलच बदलली. खर्र. शेवटी हेडफोन लावून नीट ऐकलं, तर खरखरीला ताल होता. चार-पाचदा खर्र, मग दम, परत चार-पाचदा. एवढ्या वर्षांत तालात येणारा बिघाड मी पाहिला नव्हता.

शेजारच्या खुर्चीवर लाल लुगड्यातल्या एक आजी होत्या. स्टेजवरची नजर न काढता म्हणाल्या, "अरे बाबा, वासरू खातंय."

सहा बॉक्समधून अख्ख्या पटांगणाला वासराचं जेवण ऐकू येत होतं. माइक बंद करावा तर मरिया मुकी होणार. ठेवला तसाच चालू. देवदूत येईपर्यंत गव्हाणीची एक बाजू साफ झाली, माइक उघडा पडला आणि वासराने त्याचा स्पंजही चाटून बघितला. ती चाट बॉक्समधून अशी काही आली की योसेफ झालेला पोरगा दाढी घट्ट धरून प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला.

साडेदहाला मिस्सा. वासरू घरी गेलं, गव्हाणीत प्लास्टरचा बाळ येशू आला. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार आठवडे ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. त्यामुळे त्या रात्री गायनमंडळ तो असा उचलतं की मीटर थेट लालमध्ये! हे एकदा भोगलंय, आता आधीच आवाजाचा फेडर खाली घेऊन ठेवतो. घंटा वाजल्या, मांडीवर झोपलेली पोरं दचकून उठली. बाराला दहा कमी असताना मी मेन स्विच पाडला.

सामान भरताना बघितलं, स्पंज चिकट आणि जाळीत पेंढ्याची काडी अडकलेली. फादर केक आणि करंज्या घेऊन आले. म्हणाले, "स्पंजचे पैसे बिलात लावा."

लावले. साठ रुपये, समोर लिहिलं, 'वासरू'.