चावा १३ सप्टेंबरचा

प्रदर्शनाच्या फलकाचा मजकूर सकाळी तपासायला आला आणि संध्याकाळी छापायला जायचा होता. विषय पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, आणि १९००मध्ये क्युबात हवानाजवळ अमेरिकी लष्कराच्या आयोगाने त्यावर केलेले प्रयोग. आयोगाचे प्रमुख वॉल्टर रीड, सदस्यांत जेम्स कॅरल आणि जेसी लाझीर. ओळी सहाच, पण त्यातल्या दोन वाक्यांनी दिवस खाल्ला. पहिलं वाक्य: ‘सप्टेंबर १९००मध्ये वॉल्टर रीड यांनी हवानात स्वतःच्या देखरेखीखाली सहकाऱ्यांना बाधित डास चावू दिले.’ दुसरं: ‘१३ सप्टेंबरला डॉ. जेसी लाझीर यांनी मुद्दाम डास चावून घेतला आणि ते विज्ञानासाठी हुतात्मा झाले.’

जुन्या वैद्यकीय कागदपत्रांच्या नोंदी आणि तारखा तपासणं हे माझं काम. या विषयात एक मोठी सोय आहे. मूळ पत्रव्यवहार अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाकडे आहे आणि त्याची पानं संगणकावर उघडून वाचता येतात. ही पत्रं जमवली ती मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी. गडी संधिवाताचा डॉक्टर, कॉर्टिसोनच्या कामासाठी १९५०चं नोबेल मिळालेला. पण १९३७पासून त्यांनी क्युबातल्या पीतज्वर प्रयोगांतली हयात माणसं शोधून त्यांना पत्रं धाडायचा सपाटा लावला. मोरान आणि किसिंजर हे स्वयंसेवक, १९००मध्ये तिथे लष्करी डॉक्टर असलेले कीन आणि ट्रूबी, शिवाय वारलेल्यांचे कुटुंबीय. १९६५ साली हेंच गेले आणि त्यांच्या पत्नीने सगळा संग्रह विद्यापीठाला दिला. रीड तिथलेच, १८६९चे एम.डी., तेव्हा वय १७.

या संग्रहात दोन थर आहेत आणि ते एकमेकांत मिसळू न देणं ही पहिली शिस्त. एक थर १९००च्या आसपास लिहिलेल्या पत्रांचा. दुसरा त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी म्हाताऱ्या माणसांनी आठवून लिहिलेल्या पत्रांचा. फलक लिहिणारे बहुधा दुसऱ्या थरातून वाक्य उचलतात, कारण तिथली गोष्ट रंगतदार असते, आणि तारीख मात्र पहिल्या थरातली चिकटवतात. म्हणून तक्ता करताना मी तारखेचे दोन रकाने ठेवते: घटना कधीची आणि ती कागदावर कधी उतरली.

त्यात दोन खड्डे आहेत. अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो, मग दिवस. आकड्यांत लिहिलेली ९/८ ही तारीख आपल्या डोळ्यांना ९ ऑगस्ट दिसते, ती असते ८ सप्टेंबर. या प्रकरणात त्या महिन्याभराच्या फरकाने सगळं मुळापासून उलटतं. दुसरा खड्डा एक्सेलचा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेल ते लीप मानतं, त्यामुळे त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीचे वार एका दिवसाने चुकतात. १ मार्चपासून वार बरोबर येतात. १९००च्या आधीच्या तारखा तर ते तारीख म्हणून घेतच नाही. क्युबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी पीतज्वर डासांमुळे पसरतो हा सिद्धान्त हवानात मांडला तो १४ ऑगस्ट १८८१ला, ती नोंद नुसता मजकूर बनून राहते आणि क्रम लावताना भलतीकडे जाते. वार तपासायचे ते पत्रातल्या ‘काल रविवार होता’ छापाच्या उल्लेखांसाठी. ८ सप्टेंबर १९०० हा शनिवार. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचं भयंकर वादळ त्याच दिवशीचं, त्यामुळे हा वार पक्का बसलेला आहे.

तारखा लागल्या की खरी कसोटी लावते ती तापाच्या वेळापत्रकाची. डासाला विषाणू मिळतो तो रुग्णाला आजाराच्या पहिल्या तीनेक दिवसांत चावला तरच. मग डासाच्या अंगात तो वाढायला साधारण बारा दिवस लागतात, थंडीत जास्त. त्यानंतरच्या चाव्याने माणूस आजारी पडतो तो तीन ते सहा दिवसांत. यातला मधला टप्पा अमेरिकी डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८९८मध्ये मिसिसिपीतल्या ऑरवुड आणि टेलर या गावांत हेरला होता. घरात पहिला रुग्ण आल्यापासून पुढचे रुग्ण निघेपर्यंत दोनेक आठवडे जातात, असं त्यांनी घरोघर तारखा मांडून दाखवलं. डासाचं नाव न घेता, हे विशेष. फिनलेंचे प्रयोग पटत नव्हते तेही याच कारणाने. त्यांचे डास रुग्णाला चावल्यावर काही दिवसांतच दुसऱ्या माणसाला लावले जात, म्हणजे डास तयार व्हायच्या आधीच.

आता १९००चा उन्हाळा. फिनलेंनी दिलेल्या अंड्यांतून वाढवलेले डास लाझीर परीक्षानळीत ठेवत, तोंडाला कापसाचा बोळा. चावा द्यायचा तर बोळा काढून नळी कातडीवर उपडी धरायची आणि डास खाली उतरून बसेपर्यंत थांबायचं. ११ ते २५ ऑगस्टदरम्यान नऊ जणांना असे चावे दिले, त्यात स्वतः लाझीरही होते. एकालाही काही झालं नाही. २७ ऑगस्टला जेम्स कॅरल यांना जो डास लावला तो बारा दिवसांपूर्वी एका गंभीर रुग्णाला आजाराच्या दुसऱ्या दिवशी चावला होता. ऑगस्ट संपता संपता कॅरल अंथरुणाला खिळले. पण कॅरल शवचिकित्सेच्या खोलीत जाऊन आले होते, संसर्ग तिथलाही असू शकला असता. म्हणून खरं वजन दुसऱ्या रुग्णाला. अहवालात ‘एक्सवाय’ म्हणून येणारा शिपाई विल्यम डीन ५७ दिवस छावणीबाहेर गेलेला नव्हता. त्याला ३१ ऑगस्टला चावा, ६ सप्टेंबरला ताप.

इथे दोन पत्रं शेजारी ठेवली की फलकाचं पहिलं वाक्य कोसळतं. ७ सप्टेंबरला रीड वॉशिंग्टनहून कॅरल यांना लिहितात. प्रकृती सुधारल्याचं कळल्याचा आनंद ओसंडून वाहतो आहे, आणि पत्राच्या मागच्या बाजूला प्रश्न: हे डासानेच केलं का? म्हणजे सूत्रधार हवानात नाहीच. टायफॉइडच्या अहवालासाठी रीड ऑगस्टच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत होते. माझ्या मते हे वाक्य फलकावरून काढण्यात रीड यांचा काही अपमान नाही. नंतरचे नियंत्रित प्रयोग त्यांचेच.

दुसरं पत्र लाझीर यांचं, पत्नीला, ८ सप्टेंबरचं. खऱ्या जंतूचा माग लागला आहे असं वाटतं, पण इतक्यात कुणाला चकार शब्द कळता कामा नये, असा आशय. डीनला ताप आल्यावर दोनच दिवसांनी. वेळ जुळते. तरी त्या ओळीत डासाचं नाव नाही. प्रदर्शनवाले इथे ‘डासांविषयी लिहिलं’ असं हमखास घालतात. पत्राच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत.

मग १३ सप्टेंबर. आयोगाचा पहिला अहवाल रीड यांनी २३ ऑक्टोबरला इंडियानापोलिसमध्ये वाचला. त्यातली हकिगत अशी: लास अनिमास रुग्णालयात लाझीर रुग्णांना डास लावत असताना एक डास त्यांच्या हातावर बसला, आणि हातातलं काम न सोडता त्यांनी त्याला पोटभर पिऊ दिलं. १८ तारखेला ते आजारी पडले, २५ला गेले. मुद्दाम केलं म्हणणारे दुसरीकडे बोट दाखवतात: लाझीर यांची प्रयोगवही. ट्रूबी यांच्या आठवणींनुसार त्या वहीतल्या नोंदी स्वतःवर केलेल्या प्रयोगाकडे निर्देश करत होत्या. पण रीड १९०२ साली वारल्यानंतर ती वही गहाळ झाली.

तापाचं गणित इथे लावून पाहिलं. १३ ते १८, पाच दिवस. रुग्णालयातला मोकळा डास असो की नळीतला, दिवस तेवढेच भरतात. हे गणित खोटी तारीख पकडतं, हेतू सांगत नाही. चावा आणखी आठवडाभर आधीचा किंवा आजारी पडण्याच्या दोनच दिवस आधीचा असता तर वाक्य खोडता आलं असतं, एवढंच.

उरला हेंच यांचा पत्रव्यवहार. तो वाचायची एक रीत आहे: उत्तर एकटं कधी वाचायचं नाही. हेंच स्वतःच्या पत्रांच्या कार्बन प्रती ठेवत, ती प्रत आधी काढायची आणि प्रश्न कसा विचारलाय ते पाहायचं. ‘तुम्हाला काय आठवतं?’ आणि ‘लाझीर यांनी मुद्दाम चावून घेतला हे तुम्हालाही वाटतं ना?’ या दोन प्रश्नांना आलेल्या उत्तरांची किंमत एक नसते. शिवाय १९३७पर्यंत सगळ्यांनी एकमेकांचे लेख, चरित्रं, वर्तमानपत्रं वाचलेली. स्वतःचं आठवलेलं आणि नंतर वाचलेलं लोणच्यातल्या मिठासारखं मुरलेलं असतं, वेगळं काढता येत नाही. साक्षीदार १९००च्या सप्टेंबरमध्ये त्या खाटेजवळ होता का, हेही तक्त्यात वेगळं लिहायला लागतं. मोरान आणि किसिंजर यांचा स्वतःवरचा प्रयोग डिसेंबरचा, त्यांची लाझीरबद्दलची विधानं ऐकीव धरावी लागतात.

स्वतःबद्दल मात्र तेच साक्षीदार पक्के ठरतात, कारण ताळा बसतो. किसिंजरला ५ डिसेंबरला चावा, ८ला ताप. रीड यांचं पत्नीला हर्षाने लिहिलेलं पत्र ९ तारखेचं, रविवारचं. मोरान २१ डिसेंबरला प्रयोगासाठीच्या, मध्ये जाळी लावलेल्या चौदा बाय वीस फुटांच्या खोलीत पंधरा डासांबरोबर होता आणि नाताळच्या दिवशी तापला. जाळीच्या पलीकडे, त्याच खोलीत झोपलेल्या दोघांना काही झालं नाही. फलकावर खरं तर हे यायला हवं होतं.

दुपारी उशिरा मजकूर बदलून पाठवला. पहिल्या वाक्यात रीड यांच्या जागी कॅरल आणि लाझीर, तारीख ऑगस्ट-सप्टेंबर. दुसरं असं: ‘१३ सप्टेंबरला लास अनिमास रुग्णालयात लाझीर यांना डास चावला. आयोगाने हा चावा अपघाती असल्याचं म्हटलं, काही सहकाऱ्यांना मात्र तो स्वतःवरचा प्रयोग वाटला. २५ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला.’ हुतात्मा शब्द गळाला, त्यावर फोन आला. जागा जास्त जाते, वाक्य छोटं करा, म्हणाले. मी म्हटलं, छोटं करायचं तर मधलं वाक्य सगळं काढा, निम्मं ठेवू नका.

शेवटचा प्रश्न छायाचित्राचा. रीड यांनी पत्नीला लिहिलेलं वर्षअखेरचं पत्र लावायचं होतं आणि ओळीत ‘१ जानेवारी १९०१’ छापलं होतं, कारण लिहिता लिहिता मध्यरात्र उलटली आणि छावणीतले बिगुल वाजले. पण पत्राच्या माथ्यावर रीड यांनीच रात्रीचे ११.५०, ३१ डिसेंबर १९०० घातलं आहे. नोंद माथ्यावरच्या तारखेने करायची असते. तेवढी दुरुस्ती करून फाइल छपाईला गेली.