उंदराला रंग आला, मग माणसाला कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उंदरांच्या रंगाच्या जनुकांवरचं भाषण संपून मी वायर गुंडाळत असते आणि कुणीतरी जवळ येऊन उभं राहतं. "मॅडम, पांढऱ्या उंदराचं पिल्लू काळं झालेलं तुम्ही दाखवलंत. मग माणसाचं कधी?" विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात. मूल सोबत असतं किंवा मोबाइलमधल्या फोटोत असतं. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या, उजेडाला मिचकावलेले डोळे. अल्बिनिझम, म्हणजे जन्मतःच रंग नसणं किंवा फार कमी असणं.

पूर्वी मी "संशोधन चालू आहे" असं म्हणून सुटायचे. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. आता समोरच्याला वेळ असेल तर पिंजऱ्यापासून सुरुवात करते.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा अंगावर केस नसतात. गुलाबी, जवळजवळ पारदर्शक कातडी, पोटात दूध गेलं की ते बाहेरून पांढरं दिसतं. डोळे मिटलेले, उघडायला दोनेक आठवडे लागतात. पण रंग असलेल्या पिल्लाच्या मिटलेल्या पापणीखाली एक काळा ठिपका पहिल्या दिवसापासून दिसतो. अल्बिनो पिल्लाला तो नसतो. एकाच वेताची आठ पिल्लं हातमोज्यावर घेऊन कोण कुठलं ते डीएनए न तपासता सांगता येतं, ते या ठिपक्यावरून. केस यायच्या आधी डोळा सांगतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपला आणि उंदराचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा. तो रंगपेशींत, म्हणजे मेलॅनोसाइटमध्ये बनतो, आणि त्याची पहिली पायरी टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमच्या हातात असते. टायरोसिन हा कच्चा माल, त्यापासून डोपा हा मधला पदार्थ, डोपापासून पुढे मेलॅनिन. हे एन्झाइम बिघडलं तर पेशी जागेवर असते, जिवंत असते, फक्त तिला रंग करता येत नाही. म्हणून कोड आणि अल्बिनिझम ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कोडात रंगपेशीच नाहीशा होतात. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी पुन्हा विचारतं. माझी तक्रार नाही. रंगाचा विषय निघाला की लोक आधीच इतके घाबरलेले असतात, की अर्धं ऐकूच येत नाही.

प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या पांढऱ्या उंदरांत नेमकं काय बिघडलंय हे 1990 साली कळलं. टायरोसिनेजच्या जनुकात डीएनएचं एक अक्षर बदललेलं आहे, जी-च्या जागी सी. त्यामुळे प्रथिनाच्या माळेतल्या 103व्या जागी सिस्टीन या मण्याऐवजी (अमिनो आम्लाऐवजी) सेरीन बसतं आणि एन्झाइम निकामी होतं. गंमत अशी, की पांढऱ्या उंदरांचे जुने प्रसिद्ध वाण तपासले तेव्हा सगळ्यांत हाच बदल निघाला. म्हणजे हे सगळे एकाच कुठल्यातरी जुन्या पांढऱ्या उंदराचे वंशज. कर्करोगापासून लशींपर्यंत ज्यांच्यावर कामं झाली, त्यांतले कित्येक उंदीर अल्बिनो होते आणि त्यांना धड दिसत नव्हतं. पांढऱ्या उंदराला भिंतीवरची खूण ओळखायला लावून त्याच्या स्मरणशक्तीवर निष्कर्ष काढणारे लेख वाचले, की मला अजूनही हसू येतं.

त्याच 1990 मध्ये, टायरोसिनेजचं चांगलं जनुक अल्बिनो उंदराच्या फलित अंड्यात सोडलं गेलं आणि रंगीत पिल्लं जन्मली. तेव्हा "उंदराला रंग कधी आला" याचं उत्तर हे आहे. विचारणाऱ्यांपैकी काहींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मग माणसाचं घोडं कुठे अडलं?

पहिली अडचण: अल्बिनिझम हा एक आजार नाही. टायरोसिनेज हे एक जनुक झालं. दुसरं, उंदरात ज्याला आम्ही 'पी' म्हणतो आणि माणसात ओसीए-टू, ते रंगपेशीतल्या ज्या पिशवीत मेलॅनिन बनतं तिथली आम्लता सांभाळतं. ती बिघडली की टायरोसिनेज चांगलं असूनही काम करत नाही. आणखीही जनुकं आहेत. पिंजऱ्यात हे फार सुंदर दिसतं. टायरोसिनेज बिघडलेला पांढरा नर आणि 'पी' बिघडलेली फिकट, गुलाबी डोळ्यांची मादी यांची जोडी लावा. पिल्लं गडद होतात, काळ्या डोळ्यांची. एकाने जे गमावलं ते दुसरं पुरवतं. माणसांतही अशी नोंद आहे: आईवडील दोघेही अल्बिनो आणि मुलं नेहमीच्या रंगाची. 1952 मध्ये ती छापून आली. असं काही घडलं की शेजारीपाजारी काय बोलत असतील, ते वेगळं सांगायला नको. उत्तर मात्र साधं होतं, दोघांची जनुकं वेगळी होती.

थोडं विषयांतर करते. ही दोन जनुकं उंदरात एकाच गुणसूत्रावर आहेत, सातव्या. ती एकत्र वारशाने जातात हे 1915 साली ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांनी दाखवलं, आणि सस्तन प्राण्यांत दोन जनुकं जोडीने जातात याचा तो पहिला पुरावा. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. हाल्डेन आघाडीवर होते, आणि स्प्रंट त्याच वर्षी मारले गेले. उंदरांच्या रंगाचे तक्ते मांडताना मला हे दर वेळी आठवतं. माणसात तीच दोन जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, 11 आणि 15. तेव्हा उंदीर आपली हुबेहूब प्रत नव्हे, हे तिथूनच सुरू होतं.

आणि कातडी बघाल तर फरक फारच मोठा. काळ्याभोर उंदराची पाठ भादरून पाहा. खाली काळी कातडी असेल असं वाटतं, आणि बहुतेक वेळा निघते गुलाबी. पाठीच्या कातडीत उंदराच्या रंगपेशी केसांच्या मुळांत असतात, वरच्या थरात नाहीत. केस वाढीला लागलेले असतील तेवढ्या दिवसांत ती कातडी करडी-काळी दिसते, वाढ थांबली की परत गुलाबी. वरच्या थरातल्या रंगपेशी हव्या असतील तर कान, शेपूट, पंजे बघावे लागतात. आपल्या कातडीत त्या सगळीकडे असतात आणि उन्हात छत्रीसारखं काम करतात. म्हणून केसाळ उंदीर काळा झाला याचा अर्थ माणसाच्या कातडीला उन्हापासून संरक्षण मिळालं, असा कुणी काढू नये. मी स्वतः तो फोटो लावायचे आणि लोकांना तसा अर्थ काढू द्यायचे. ती चूक माझीच.

औषधाबद्दलही लोक विचारतात, कारण इंटरनेटवर नाव सापडतं: निटिसिनोन. ते मुळात टायरोसिनेमिया या वेगळ्याच आजाराचं औषध. रक्तातलं टायरोसिन वाढवतं. 2011 मध्ये ते हिमालयन नावाच्या उंदरांना दिलं गेलं. या उंदरांचं टायरोसिनेज पूर्ण मेलेलं नसतं, उष्णतेला हरतं. म्हणून अंग फिकं, पण नाक, कान, शेपटी अशा थंड भागांत रंग, सयामी मांजरासारखा. औषधाने त्यांचे केस आणि डोळ्यांची बुबुळं गडद झाली. ज्यांचं टायरोसिनेज अजिबात चालत नाही त्या उंदरांवर काहीच परिणाम नाही. मग 2019 साली, थोडंफार टायरोसिनेज शिल्लक असलेल्या पाच प्रौढांवर वर्षभराच्या छोट्या चाचणीचा अहवाल आला. केस आणि त्वचा किंचित गडद झाली. दृष्टी सुधारली नाही.

आता मुद्द्यावर येते, कारण तो मला एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने दाखवला. त्याची आई वरचाच प्रश्न विचारत होती. तो मध्येच म्हणाला, "त्या काळ्या पिल्लाला नीट दिसायला लागलं का?"

इतक्या भाषणांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईला रंग हवा होता, कारण लोक रंगाकडे बघतात. त्याला फळा हवा होता.

अल्बिनिझममध्ये खरं नुकसान डोळ्याचं. डोळा घडताना मेलॅनिनची साखळी चालली नाही, तर पडद्यावरचा बारीक नजरेचा मध्यबिंदू पुरता बनत नाही, आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे धागे चुकीच्या बाजूला जातात. चष्म्याने थोडी मदत होते, नजर पूर्ण होत नाही. इथे उंदीर पुन्हा तोकडा पडतो. त्याला तो मध्यबिंदू मुळातच नसतो. त्याचे डोळ्यांकडून त्याच बाजूच्या मेंदूत जाणारे धागे जेमतेम 3 ते 5 टक्के, आपले चाळीसच्या वर. तरीही मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते "हो" आहे. टायरोसिनेज जनुक घातलेल्या उंदरांत ते धागे ठीक जागी गेले, हे 1994 मध्ये दिसलं. 2006 मध्ये माद्रिदच्या गटाने आणखी एक पाऊल टाकलं: अल्बिनो उंदराच्या डोळ्यात फक्त डोपा बनेल अशी व्यवस्था केली, मेलॅनिन नाही. उंदीर पांढरेच राहिले आणि त्यांची नजर सुधारली.

मी त्याला हे सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मग मला डोपा द्या की."

दिला गेलाय, माणसांना. गोळीतून. 2014 मध्ये त्या चाचणीचा निकाल आला, नजर सुधारली नाही. उंदरात ते डोळा घडत असतानाच मिळालं होतं, गोळी मिळाली तेव्हा डोळे केव्हाच घडून झाले होते. माझ्या मते घोडं इथे अडलंय, वेळेवर. मिटलेल्या पापणीखालचा तो ठिपका जन्माच्या दिवशी दिसतो, म्हणजे काम त्याच्या बरंच आधी झालेलं असतं. तेव्हा तुमच्या "कधी"ला माझ्याकडे साल नाही. केसांचा रंग बहुधा आधी जमेल. नजर उशिरा, आणि आज शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी मी तिची आशा दाखवत नाही. त्यांना टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, पहिला बाक आणि मोठ्या अक्षरातलं पुस्तक आजच देता येतं.

त्या मुलाने मग विचारलं, पिल्लाचा फोटो परत दाखवता का. मी लॅपटॉप उघडला. त्याने नाक पडद्याला टेकवलं, मान थोडी वाकडी केली, आणि म्हणाला, "खाली काय लिहिलंय ते दिसत नाही."

खाली मी पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगात, बारीक अक्षरांत ओळ टाकली होती. अल्बिनिझमवरच्या भाषणात. आता अक्षरं मोठी आणि काळी असतात, आणि स्लाइड आदल्या दिवशीच पाठवून देते.