आमची वाटचाल: मैफलीचे चित्र आणि तंबोऱ्याची जवारी

२००६ साली नारायण पेठेतल्या दहा बाय बाराच्या एका खोलीत आम्ही व्यवसाय सुरू केला, तेव्हा लग्न-मुंजींचे चित्रीकरण हेच आमचे मुख्य काम होते. गाण्याच्या मैफलींकडे वळलो ते ओळखीच्या एका गायनवर्गाची गुरुपौर्णिमा चित्रित केल्यानंतर. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेल्या या शहरात अशी कामे मिळायला वेळ लागला नाही, मात्र ती नीट करण्याची रीत हाती यायला काही वर्षे जावी लागली.

त्या वेळी मिनी डीव्ही कॅसेटवर चित्रीकरण होई. तासाभराची कॅसेट संगणकावर उतरवली की साधारण १३ जीबी जागा जाई, म्हणजे तीन तासांच्या मैफलीला ३९ जीबी. आणि ग्राहकाला हवी असे ४.७ जीबीची एकच डीव्हीडी. अशाच एका मैफलीत आम्ही चित्राबरोबर आवाजाचाही बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, बराच खाली आणला. चार दिवसांनी गायिकेच्या गुरू स्वतः डीव्हीडी घेऊन आल्या, आलापाची पहिली दोन मिनिटे त्यांनी मला हेडफोनवर ऐकवली आणि एवढेच विचारले, "अहो, तंबोऱ्याची जवारी कुठे गेली?" षड्जाच्या तारेतून उमटणारा तो बारीक झंकार सपाट झाला होता आणि पाण्याखालून यावा तसा आवाज येत होता. मैफल पुन्हा दोन डिस्कवर करून दिली, आणि तेव्हापासून आवाजाला हात लावायचा नाही हे ठरून गेले.

हिशेबही याच बाजूने आहे. आजचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी भरतो; तीन कॅमेऱ्यांवर तीन तासांची मैफल ४०५ जीबी होते. त्यात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा न दाबलेला स्टिरिओ आवाज सेकंदाला जेमतेम २.३ मेगाबिट घेतो. एवढ्याशा वाट्यात काटकसर करून जवारी घालवण्यात काय अर्थ आहे? फारच जागा वाचवायची असेल, तर आवाज फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता दाबणाऱ्या फाइल-प्रकारात, ठेवावा. तो उलगडल्यावर बिट न बिट तसाच परत मिळतो.

चित्राबाबत मात्र आम्ही ग्राहकांना आधीच स्पष्ट सांगतो की, काटेकोर अर्थाने काहीही न गमावता फाइल फारशी लहान होत नाही. डोळ्याला फरक जाणवणार नाही इथपर्यंतच ती उतरवता येते. त्यासाठी आम्ही एच.२६५ हा कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) १० बिटमध्ये, म्हणजे छटांच्या जास्त पायऱ्या ठेवून, वापरतो, कारण काळ्या पडद्यावर विरत जाणाऱ्या प्रकाशाचे ८ बिटमध्ये पट्टे दिसू लागतात. फाइलचा आकार ठरवून देण्याऐवजी आम्ही सीआरएफ पद्धतीने दर्जा ठरवून देतो, म्हणजे विलंबितात, जेव्हा मंचावर फारसे काही हलत नाही, तेव्हा कमी बिट खर्च होतात आणि द्रुतात तबलजींच्या बोटांसाठी हवे तितके मिळतात. या पद्धतीत आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. आम्ही १८ पासून सुरुवात करतो.

संपूर्ण मैफल एन्कोड करण्यापूर्वी, म्हणजे दाबून तिची नवी फाइल करण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून पाहतो. गायकाचा चेहरा पाहून काही कळत नाही, तो बराच काळ चांगलाच दिसतो. पाहायची ती मागे अंधारात बसलेल्या तंबोरावादक मुलीची बोटे: आकडा वाढवत नेला की तिची बाही आणि पडदा एकमेकांत मिसळून चौकोन दिसू लागतात. कमी उजेडामुळे आलेले दाणेही बिट खातात, पण ते फार पुसले तर साडीची जर मेणासारखी दिसते. म्हणून साथीदारांवर एक दिवा जास्त लावावा, असे आम्ही आयोजकांना विनवतो. एवढे सांभाळले की तिन्ही कॅमेऱ्यांतून निवडून एकच संकलित झालेली १३५ जीबीची मैफल साधारण २० जीबीत बसते. एकदा दाबलेल्या फाइलवरून पुन्हा एन्कोड आम्ही करत नाही, आणि ग्राहकाने पूर्ण मैफल पाहिल्याखेरीज मूळ चित्रण दोन हार्ड डिस्कवरून पुसत नाही.

जवारी गेलेल्या त्या मैफलीच्या तीन कॅसेट अजून कपाटात होत्या. या उन्हाळ्यात त्या नव्याने उतरवायला घेतल्या आहेत, आणि त्यांच्यावरचा १६ बिटचा आवाज जसाच्या तसा ठेवला आहे.